मूल म्हणजे औषध नव्हे

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, "सर, जबाबदारी आपण घेतो, की ती आपल्यावर येऊन पडते?" तेव्हा वेळ संपली होती. आज त्या प्रश्नाकडे येतो, पण थोडा वळसा घालून, तीन चित्रपटांमधून.

तिन्हींची गोष्ट वरवर एकच आहे. एक एकटा माणूस असतो. आपली नोकरी, आपली खोली, आपली झोप. घरी कुणी वाट पाहत नाही. आणि एक दिवस बातमी येते: बहीण गेली, किंवा भाऊ गेला. मागे मूल आहे. आता?

अशा गोष्टी आपल्याला आवडतात, कारण शेवट आधीच ठाऊक असतो. तो माणूस आधी वैतागेल, दूध उतू जाईल, शाळेत उशीर होईल, आणि मग हळूहळू तो सुधारेल. आपण डोळे पुसत बाहेर येणार. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की या सुधारण्याकडे जरा संशयाने बघू या.

पहिला चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असणार. महेश भट यांचा 'हम हैं राही प्यार के', १९९३ सालचा. आमिर खानचा राहुल, त्याच्या गेलेल्या बहिणीची तीन मुलं आणि कर्जात बुडालेला कारखाना. कथेचा सांगाडा १९५८ च्या 'हाऊसबोट' या अमेरिकी चित्रपटावरून आलेला. पण तिथे कॅरी ग्रँट हा मुलांचा बापच आहे, दुरावलेला बाप. हिंदीत त्याचा मामा झाला. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

का, ते सांगतो. हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये जबाबदारीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो दोन प्रकार करतो. एक नैसर्गिक जबाबदारी, म्हणजे आईबापांची. ती मागून घेतलेली नसते आणि टाकताही येत नाही. दुसरी कराराची, म्हणजे नोकरीची, पदाची. ती आपण स्वीकारतो आणि राजीनामाही देऊ शकतो. आता मला सांगा, मामा कुठे बसतो? त्याने मूल जन्माला घातलेलं नाही. त्याने कुठे सहीही केलेली नाही. तो मधेच लटकलेला आहे. आपल्या भाषेने हा लटकलेपणा एका म्हणीत मिटवून टाकला: माय मरो पण मावशी उरो. म्हणजे मावशीला विचारायचं कारणच नाही, ती आहेच! एकत्र कुटुंबात हा प्रश्न असा न विचारताच सुटायचा. बरा सुटायचा की वाईट, ते त्या घरात आश्रित म्हणून वाढलेल्यांना विचारावं.

'हम हैं राही' मला आवडतो, हे लपवत नाही. जुही चावलाचं काम आजही ताजं वाटतं. पण त्यातली मुलं बघा. आईवडील गेल्याचं त्यांचं दुःख पडद्यावर फार वेळ थांबत नाही. त्यांना दुसरं काम आहे, मामाचं लग्न जुळवायचं. मुलं खोड्या करतात, मामा हळवा होतो, घर भरतं. मुलांची गोष्ट म्हणून सुरू झालेला चित्रपट मामाची गोष्ट म्हणून संपतो.

इथे कांट आठवतो. १७८५ च्या त्याच्या पुस्तकातलं सूत्र आपण मागे पाहिलं आहे: माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका. कारखान्यात, बाजारात हे सूत्र आपल्याला पटकन दिसतं. पण मूल जेव्हा मोठ्या माणसाला 'माणूस बनवण्यासाठी' कथेत आणलं जातं, तेव्हा तेही साधनच झालं की! औषधाच्या गोळीसारखं. रोगी बरा झाला, गोळीचं काय झालं ते कोण विचारतो?

दुसरा चित्रपट फ्रेंच आहे. 'आमांदा', २०१८, दिग्दर्शक मिखाएल हेर्स. डेव्हिड चोवीस वर्षांचा. पॅरिसमध्ये झाडांच्या फांद्या छाटण्याचं काम करतो, शिवाय भाड्याच्या घरांत आलेल्या पाहुण्यांना किल्ल्या नेऊन देतो. भाचीला शाळेतून आणायला उशीर करतो आणि बहिणीची बोलणी खातो. मग एका बागेत दहशतवादी गोळीबार होतो आणि बहीण मरते. भाची सात वर्षांची आहे.

यातला एक प्रसंग सांगतो. डेव्हिड घरातला बहिणीचा टूथब्रश काढून ठेवतो. त्याचा हेतू वाईट नाही. आवराआवर आपण सगळेच करतो. आमांदा भडकते. तिला तो ब्रश होता तिथेच हवा आहे. बास, एवढंच. पण या प्रसंगात मुलीचं दुःख मामाच्या दुःखापेक्षा वेगळं आहे, हे दिग्दर्शकाने मान्य केलं. तिला तिचा हिशेब आहे. कधी मामाकडे तर कधी आजोळच्या आत्याकडे झोपायला पाठवतात, याचाही तिला राग आहे. आणि डेव्हिड? तो कचरतो, मला हे जमणार नाही म्हणतो, स्टेशनवर मित्रासमोर कोसळतो. शेवटी तो फार काही सुधारलेला नाही. तो फक्त तिथे आहे. सकाळी आहे, रात्रीही आहे.

चित्रपट निर्दोष नाही. शेवटी विम्बल्डनमध्ये हरत आलेला खेळाडू पुन्हा सावरतो आणि त्याबरोबर मुलगीही सावरते, हे मला जरा जुळवून आणलेलं वाटलं. डेव्हिडची प्रेमकथाही सोयीची आहे. पण टूथब्रशच्या त्या प्रसंगासाठी मी हे सगळं माफ करतो.

तिसरा, केनेथ लोनरगन यांचा 'मँचेस्टर बाय द सी', २०१६. इथला ली बेफिकीर नाही, जळालेला आहे. आगीत त्याची तीन मुलं गेली. आता बोस्टनजवळ इमारतींची डागडुजी करत एका खोलीत राहतो. भाऊ हृदयविकाराने जातो आणि मृत्युपत्रात सोळा वर्षांच्या पॅट्रिकचा पालक म्हणून लीचं नाव निघतं. वकिलाच्या ऑफिसात ली चक्रावून जातो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

नेहमीच्या कथेत या मुलामुळे ली बरा झाला असता. लोनरगन तसं होऊ देत नाहीत. एका रात्री फ्रीजरमधून गोठलेली कोंबडी खाली पडते आणि पॅट्रिकचा धीर सुटतो, कारण जमीन गोठल्यामुळे वडिलांचा देहही वसंत येईपर्यंत तसाच थंडीत ठेवलेला आहे. ली त्याच्या खोलीत नुसता बसून राहतो. शेवटी मात्र तो सांगतो, की मला हे झेपत नाही. पॅट्रिक भावाच्या मित्राच्या घरी राहणार. आणि ली स्वतःसाठी घर शोधतो आहे, त्यात एक जादा खोली हवी आहे. पॅट्रिक कधी आलाच तर.

हा नकार आहे का? हो, आहे. पण मुलाचं नीट बघून दिलेला नकार आहे. मला तो पुष्कळ होकारांपेक्षा जबाबदार वाटतो.

गंमत बघा, आपला १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम इथे कथाकारांपेक्षा शहाणा आहे. त्याचं सतरावं कलम सांगतं, की कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध पालक नेमू नये. आणि त्याच कलमात आहे, की अज्ञान मूल (कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला 'अज्ञान' म्हणतात) समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. म्हणजे दोघांनाही विचारा. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम तर मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवतो. पालकाची सुधारणा कुठेही नमूद नाही!

आता जरा घरचं सांगतो. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, पुण्यात एका खोलीत राहून पीएचडी करत होतो, किंवा करतो आहे असं सांगत होतो. माझी बहीण आणि मेहुणे वर्षभराच्या अंतराने गेले. भाचा नऊ वर्षांचा. तेराव्याला आमच्या एका काकांनी तोडगा काढला: "याच्याकडेच द्या पोराला. म्हणजे हाही ताळ्यावर येईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, प्रबंध होऊ दे, मग बघू. प्रबंध झाला. तोवर भाचा माझ्या थोरल्या बहिणीकडे रुळला होता. मी पैसे पाठवायचो, दिवाळीला जायचो, आणि मी स्वार्थी निघालो हे ओझं पुढे तीस वर्षं वाहिलं. ते वाहण्यात एक प्रकारचा मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

काही वर्षांपूर्वी एकदा धीर करून त्याच्याजवळ विषय काढला. म्हटलं, मी तेव्हा चुकलो. तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामा, मला तुझ्याकडे यायचंच नव्हतं. तुझ्या खोलीत सगळी पुस्तकं, पाय ठेवायला जागा नाही. मावशीकडे अंगण होतं, विहीर होती. मला कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

कुणी विचारलं असतं तर. काकांनी त्याला माझं औषध केलं होतं. मी त्याला माझ्या अपराधीपणाचं कारण केलं. दोन्हीकडे गोष्ट माझीच होती. तो नऊ वर्षांचा मुलगा अंगण आणि विहिरीचा विचार करत होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: जबाबदारी येऊन पडते, हे खरं. ती पेलायची की नाही, ते आपण ठरवतो, हेही खरं. पण दोन्हींच्या आधी खाली वाकून त्या मुलाला विचारावं लागतं, तुला काय हवंय बाळा? आणि उत्तर ऐकायला थांबावं लागतं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.