चिंताग्रस्त पिढी आणि तिचा कैवारी

एखादें पुस्तक वाचलेल्यांपेक्षां न वाचलेल्यांच्याच तोंडीं अधिक असावें, असा योग विद्वत्तेच्या ग्रंथांस क्वचितच येतो. न्यूयॉर्क विद्यापीठांतील सामाजिक मानसशास्त्राचे अध्यापक जोनाथन हाइट यांच्या ‘दि ॲंक्शस जनरेशन’, म्हणजे ‘चिंताग्रस्त पिढी’, ह्या २०२४ सालच्या ग्रंथास तो आला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री पीटर मॅलिनॉस्कस यांच्या पत्नीनें तो वाचला आणि ह्यावर कांहीं तरी करा असें पतीस बजावलें, ही हकीकत खुद्द मुख्यमंत्र्यांनींच सांगितली आहे. त्या राज्यांत सुरू झालेली हालचाल पुढें साऱ्या देशाची झाली. नोव्हेंबर २०२४ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटनें सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई करणारा कायदा संमत केला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलांत आला. एका अध्यापकाचें पुस्तक इतक्या थोड्या अवधींत कायद्याच्या उंबरठ्यापर्यंत पोंचल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

अशा ग्रंथाचें परीक्षण करतांना टीकाकारावर दुहेरी जबाबदारी येते. ग्रंथकाराचा हेतु चांगला आहे एवढ्यावरून त्याचा पुरावा पुरेसा मानतां येत नाहीं. आणि पुरावा अपुरा आहे एवढ्यावरून त्याचें सांगणें टाकूनहि देतां येत नाहीं. विषय आपल्या मुलांचा आहे; तेव्हां पहिली चूक जितकी महाग पडेल तितकीच दुसरीहि पडेल.

ग्रंथाचा सिद्धान्त दोन अंगांचा आहे. पहिलें अंग असें : २०१० ते २०१५ ह्या काळांत अमेरिकेंतील व इतर कित्येक पाश्चात्त्य देशांतील बाल्याची घडणच पालटली. आयफोन २००७ सालीं बाजारांत आला. २०१० सालीं त्यास समोरचा कॅमेरा मिळाला. २०१२ सालीं फेसबुकनें इन्स्टाग्राम विकत घेतलें. खेळांत वाढणारें मूल फोनमध्यें वाढूं लागलें, आणि त्यापासून चार अनर्थ उद्भवले : सवंगड्यांच्या सहवासाचा अभाव, निद्रेचा अभाव, चित्ताची विखुरलेली अवस्था आणि व्यसन. दुसरें अंग असें कीं, ह्याच्या पुष्कळ आधींपासूनच आईबापांनीं भयापोटीं मुलांस अंगणांतून आणि रस्त्यावरून घरांत ओढून घेण्यास आरंभ केला होता. खऱ्या जगांत फाजील रक्षण आणि आभासी जगांत अक्षम्य दुर्लक्ष, असें हें ग्रंथकारांचें निदान आहे. त्यावर त्यांनीं चार उपाय सुचविले आहेत. हायस्कूलपूर्वी स्मार्टफोन नको. सोळा वर्षांपूर्वी समाजमाध्यमें नकोत. शाळेंत फोन नको. आणि मुलांस आपल्या आपण खेळण्याची व जबाबदारी उचलण्याची मोकळीक अधिक हवी.

लेखनाच्या दृष्टीनें ग्रंथ अत्यंत सुबोध आहे. आरंभींच ग्रंथकार एक दृष्टान्त योजतात. मंगळावर वसाहत करण्यास निघालेल्या एका धनाढ्यानें, तेथील हवापाण्याचा बालशरीरावर काय परिणाम होईल ह्याची चौकशी न करतां, तुमच्या लहान मुलीची निवड केली, तर तुम्ही तिला धाडाल काय? दृष्टान्त मनावर ठसतो. पण तेथेंच सावध वाचकानें थबकावें. मंगळाच्या प्रवासाचा अपाय आपण आधींच गृहीत धरलेला असतो, आणि फोनचा तसाच अपाय आहे हें तर ह्या ग्रंथास अजून सिद्ध करावयाचें आहे. जें सिद्ध करावयाचें तेंच दृष्टान्ताच्या पोटांत घालून देणें ही वकिलाची हातोटी झाली. शास्त्रज्ञास ती शोभत नाहीं.

सिद्ध करण्याचें काम ग्रंथकार मुख्यतः आलेखांवर सोंपवितात. अमेरिकेंत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींनीं स्वतःस इजा करून घेतल्यामुळें रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत येण्याचें प्रमाण २०१० ते २०२० ह्या दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झालें. तो आलेख पाहून कोणत्याहि आईचें काळीज हालेल. परंतु दोन गोष्टी एका वेळीं घडल्या म्हणजे एकीमुळें दुसरी घडली असें होत नाहीं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, हें आपल्याकडे पोरासोरांसहि ठाऊक आहे. एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्शिबिल्स्की ह्या ऑक्सफर्डच्या दोघां संशोधकांनीं २०१९ सालीं ३,५५,३५८ कुमारांची माहिती तपासली. मुलांच्या सुखस्वास्थ्यांत जो कमीअधिकपणा दिसतो, त्यांतील फार तर ०.४ टक्के भागाचाच डिजिटल साधनांच्या वापराशीं संबंध लागतो, असें त्यांस आढळलें. बटाटे खाण्याचा संबंधहि जवळजवळ तेवढाच दिसला, आणि चष्मा लावण्याचा तर त्याहून अनिष्ट! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेंतील कॅंडिस ऑजर्स यांनीं ‘नेचर’मध्यें प्रस्तुत ग्रंथाचें जें कठोर परीक्षण केलें, त्यांतील एक आक्षेप मार्मिक आहे. जीं मुलें आधींच खिन्न असतात तींच फोनकडे अधिक वळतात. तेव्हां कारण कोणतें आणि कार्य कोणतें? अमेरिकेच्या राष्ट्रीय शास्त्र-अकादमींनीं नेमलेल्या समितीनेंहि, एकूण मुलांच्या प्रकृतींत झालेला पालट समाजमाध्यमांमुळेंच झाला असा निष्कर्ष उपलब्ध संशोधनावरून निघत नाहीं, असें २०२३ अखेर सांगितलें.

ह्यावर ग्रंथकारांचें उत्तर अगदींच पोकळ नाहीं. दूरचित्रवाणी पाहणें, गृहपाठ करणें आणि इन्स्टाग्रामवर स्वतःचें रूप दहादां न्याहाळणें हें सारें ‘पडद्याचा वापर’ ह्या एकाच टोपलींत टाकलें, आणि मुलगे व मुली एकत्र मोजल्या, तर सरासरी लहानच येणार, हें त्यांचें म्हणणें रास्त आहे. शिवाय निव्वळ सहसंबंधापलीकडचा पुरावाहि थोडाफार आहे. फेसबुक २००४ सालीं हार्वर्डमध्यें निघालें, तेव्हां तें सर्वांस एकदम खुलें नव्हतें. एकेका कॉलेजास क्रमाक्रमानें त्याचें दार उघडलें. ब्राघिएरी, लेव्ही व मकारिन ह्या तिघां अर्थशास्त्रज्ञांनीं ह्या क्रमाचाच उपयोग करून, जेथें फेसबुक आलें तेथील विद्यार्थ्यांचें मनःस्वास्थ्य ढासळल्याचें २०२२ सालीं दाखविलें. दुसऱ्या एका प्रयोगांत २०१८ च्या अमेरिकन निवडणुकीपूर्वी चार आठवडे फेसबुक सोडणाऱ्या प्रौढांचा दररोज सुमारें एक तास मोकळा झाला आणि त्यांच्या समाधानांत भर पडली. परंतु ती भर अल्प होती. हा पुरावा चांगल्या जातीचा आहे. मात्र तो कॉलेजांतील तरुणांविषयींचा व प्रौढांविषयींचा आहे. अकरा वर्षांच्या मुलीविषयीं तो जें सांगतो तें अनुमानानेंच सांगतो. ग्रंथकारांच्या लेखणींतून हें अनुमान निश्चयाचें रूप घेऊन उतरतें, आणि येथेंच आमचा त्यांच्याशीं मुख्य मतभेद आहे.

मग पुरावा पुरा होईपर्यंत आईबापांनीं हातावर हात ठेवून बसावें काय? मुळींच नाहीं. घरचा न्याय आणि दरबारचा न्याय यांत भेद आहे. विहिरीचें पाणी बाधतें अशी शंका आली तर गृहिणी त्याच दिवशीं दुसऱ्या विहिरीचें पाणी आणते. रसायनशाळेच्या दाखल्याची वाट ती पाहत नाहीं, आणि शंका खोटी ठरली तरी चार खेपा अधिक झाल्या एवढेंच. पण गांवांतील सर्वांस ती विहीर कायद्यानें बंद करावयाची झाल्यास दाखला मागितलाच पाहिजे. कारण ज्यास दुसरी विहीर नाहीं असाहि कोणी गांवांत असतो. हाइट यांचा ग्रंथ घरच्या न्यायास पुरेसा आहे. दरबारच्या न्यायास तो अपुरा आहे. रात्रीं निजतांना मुलाच्या उशाशीं फोन नसावा, शाळेच्या तासांत तो दप्तराबाहेर पडूं नये, हें मानण्यास आलेखांची गरज नाहीं. सोळा वर्षांखालील सर्वांस एकाच दंडकानें बाहेर ठेवावें, हें मानण्यास आहे.

ह्या ग्रंथाचें खरें मोल आमच्या मतें त्याच्या दुसऱ्या अंगांत आहे, आणि नेमकें तेंच अंग त्याच्या चाहत्यांनीं बाजूस ठेवलें. चार उपायांपैकीं मनाईचे तीन सर्वत्र गाजले. चौथा, मोकळिकीचा, कोणत्या पार्लमेंटनें घाईनें संमत केला? कारण उघड आहे. मनाई करण्यास वडील माणसांस स्वतःचें कांहीं सोडावें लागत नाहीं. मोकळीक देण्यास पुष्कळ सोडावें लागतें : मोटारींनीं व्यापलेली रस्त्याकडेची जागा, इमारतींनीं गिळलेलीं मैदानें, शिकवणीचे तास, आणि सर्वांत कठीण म्हणजे आपली भीति. खेळण्याच्या अभावानें मुलें चिंतातुर झालीं, ह्याचाहि पुरावा निर्णायक नाहीं, हें खरें. परंतु हा तर्क चुकीचा ठरला तर मुलांचें नुकसान काय? चार गुडघे फुटतील आणि चार सदरे मळतील. खेळाची जागा परत न देतां फोन तेवढा काढून घेतला, तर मात्र मुलाच्या हातीं रिकाम्या संध्याकाळीखेरीज कांहींच उरणार नाहीं. फोन ही पोकळी भरण्यास आला होता ही गोष्ट ग्रंथकार स्वतः सांगतात. त्यांच्या नांवानें कायदे करणारे ती विसरतात.

आपल्याकडील वाचकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ग्रंथांतील बहुतेक पुरावा इंग्रजीभाषी व उत्तर युरोपीय देशांचा आहे, आणि तेथें मुलाचा फोन म्हणजे मुलाच्या मालकीचा फोन. आपल्या ग्रामीण भागाचें चित्र वेगळें आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणींत चौदा ते अठरा वर्षांच्या ज्या मुलामुलींस स्मार्टफोन वापरतां येत होता, त्यांपैकीं मुलग्यांत ४३.७ टक्क्यांजवळ, तर मुलींत अवघ्या १९.८ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. जेथें घरांतील एका फोनवर सर्वांचा निर्वाह होतो, आणि २०२० सालीं शाळा बंद पडल्यावर असंख्य घरांत धडेहि त्याच फोनवर आले, तेथें अमेरिकेंतला दंडक जसाच्या तसा आणला तर पहिला फोन कोणाच्या हातून काढला जाईल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. मुलीच्या रक्षणासाठीं म्हणून आरंभिलेली मनाई मुलीच्याच शिक्षणावर येऊन आदळूं नये, एवढी काळजी तरी येथील कैवाऱ्यांनीं घ्यावी.

राहतां राहिला विद्यापीठांचा प्रश्न. इतकीं वर्षें इतके पंडित वाद करीत असून निकाल का लागत नाहीं? पुष्कळ अंशीं ह्याचें कारण असें कीं, ज्या नोंदींवरून तो लागावयाचा त्या विद्यापीठांच्या कपाटांत नसून कंपन्यांच्या कोठारांत आहेत. आपल्या शरीराविषयीं आधींच खंतावलेल्या मुलींपैकीं ३२ टक्के मुली इन्स्टाग्राममुळें ती खंत वाढते असें म्हणतात, हें फेसबुकच्या स्वतःच्या पाहणींत निघालें होतें. पण जगास तें कळलें २०२१ सालीं, फ्रान्सिस हॉगन ह्या माजी नोकर बाईंनीं कागद बाहेर आणले तेव्हां. ट्विटरनें संशोधकांस माहिती मोफत पुरविण्याची वाट २०२३ सालीं बंद केली. मेटा कंपनीनें ‘क्राउडटँगल’ हें अभ्यासकांचें साधन ऑगस्ट २०२४ मध्यें मोडीत काढलें. बाप दाखव नाहीं तर श्राद्ध कर, ही मागणी आज संशोधकाकडे केली जाते. ती कंपन्यांकडे केली पाहिजे. ग्रंथकारांच्या चार मुख्य उपायांत नोंदी खुल्या करण्याची अट नाहीं, ही आम्हांस ह्या ग्रंथांतील सर्वांत मोठी उणीव वाटते. ती अट असती, तर दहा वर्षांनीं तरी हा वाद अनुमानांवर चालवावा लागला नसता.

तात्पर्य, ‘चिंताग्रस्त पिढी’ प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें वाचावें. मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचावें. पहिला अर्धा भाग वाचून जो थांबेल तो मुलाच्या हातांतील फोन काढून घेईल. पुढें जाणाऱ्यास कळेल कीं, फोन काढून घेतल्यावर मुलाचा हात धरून त्यास दाराबाहेर सोडावयाचें काम अजून उरलें आहे, आणि तें काम कोणताहि कायदा आपल्याकरितां करणार नाहीं.