भयानकाकडून स्नेहाकडे : जिम टूमी यांच्या 'शर्मन्स लगून' या चित्रमालिकेतील शार्कचे विनोदी रूप – एक चिकित्सा

बीजसंज्ञा : व्यंगचित्र, चित्रमालिका, हास्यरस, भयानकाभास, मानवीकरण, शार्क, सागरी पर्यावरण.

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेत व्यंगचित्राचा विचार बहुधा राजकीय व्यंगचित्राच्या अनुषंगाने झाला आहे. वसंत सरवटे यांच्यासारख्या चित्रकार-लेखकाने 'परकी चलन'मधून परदेशी व्यंगचित्रकारांचा परिचय मराठी वाचकास करून दिला. तरीही दैनिक चित्रमालिका हा प्रकार अभ्यासाचा विषय म्हणून आपल्याकडे फारसा हाताळला गेलेला नाही. रोज वर्तमानपत्रात छापली जाणारी, चार चौकटींत संपणारी आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारी ही कला गंभीर चिकित्सेस पात्र नाही, असा एक अलिखित समज त्यामागे असावा.

प्रस्तुत लेखात अमेरिकन व्यंगचित्रकार जिम टूमी यांच्या 'शर्मन्स लगून' या चित्रमालिकेचा विचार केला आहे. 1991 साली सुरू झालेल्या या मालिकेचा नायक शर्मन हा 'ग्रेट व्हाइट' जातीचा शार्क आहे. ज्या प्राण्याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वाधिक भीती पसरविली गेली, त्याच प्राण्यावर एका चित्रकाराने तीन दशकांहून अधिक काळ विनोद केला आणि त्या विनोदातून त्याच्याविषयी प्रेम व्यक्त केले. ज्याच्यावर आपण हसतो, त्याच्यावर प्रेम करता येते काय? आणि येत असल्यास, ते प्रेम त्या प्राण्याच्या काही उपयोगी पडते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे हा या लेखाचा हेतू होय.

२. भीतीची पार्श्वभूमी

पीटर बेंचली यांची 'जॉज' ही कादंबरी 1974 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्याच नावाचा चित्रपट आला. या कलाकृतींनी शार्कला एक हेतू बहाल केला. निसर्गातील शार्क भक्ष्य शोधतो. 'जॉज'मधील शार्क माणसाचा पाठलाग करतो, जणू त्याच्या मनात वैर आहे. वस्तुतः जगभरात दरवर्षी शार्कच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडणाऱ्या माणसांची संख्या सरासरीने दहाच्याही आत असते. उलटपक्षी माणसाकडून मारल्या जाणाऱ्या शार्कची संख्या वर्षाला सुमारे दहा कोटी असावी, असा अंदाज 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. खुद्द बेंचली यांनी 2006 मधील मृत्यूपूर्वीची अनेक वर्षे शार्कच्या संरक्षणाचा पुरस्कार करण्यात घालविली. लेखकाला आपल्याच निर्मितीच्या परिणामांविरुद्ध उभे राहावे लागले, असे हे विरळ उदाहरण आहे.

टूमी यांच्या कल्पनेचे मूळ मात्र निराळ्या अनुभवात आहे. बालपणी कौटुंबिक सहलीत उष्णकटिबंधीय बेटांवरून विमानाने जाताना त्यांना प्रवाळांजवळ एका मोठ्या शार्कची आकृती दिसली होती. पाण्याच्या पातळीवरून शार्कचा केवळ पृष्ठपर दिसतो व तो भय उत्पन्न करतो. आकाशातून मात्र संपूर्ण प्राणी त्याच्या घरासह दिसतो. 'जॉज' आणि 'शर्मन्स लगून' यांतील भेद अशा रीतीने दृष्टिकोनाच्या शब्दशः अर्थाने मांडता येईल.

३. मालिकेचे विश्व

ही मालिका कपूपू या प्रशांत महासागरातील काल्पनिक बेटानजीकच्या लगूनमध्ये घडते. शर्मन आळशी, खादाड, काहीसा मंदबुद्धी परंतु मनाने निर्मळ आहे. त्याची पत्नी मेगन करारी व व्यवहारी आहे. फिलमोर हे समुद्री कासव बुद्धिजीवी, हळवे व प्रेमात सदा अपयशी आहे. हॉथॉर्न हा संन्यासी खेकडा स्वभावाने लबाड व खवचट आहे. शंखाऐवजी तो बिअरच्या रिकाम्या डब्यात राहतो. अर्नेस्ट हा लहानसा मासा संगणकात पारंगत आहे.

ही पात्ररचना वरवर पाहता मध्यमवर्गीय कौटुंबिक प्रहसनाची आहे. सुस्त नवरा, टोकणारी बायको, लुच्चा शेजारी आणि पुस्तकी मित्र हे साचे आपल्या रंगभूमीलाही अपरिचित नाहीत. किंबहुना भारतीय वाचकास येथे पंचतंत्राची आठवण व्हावी. 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्रातील करालमुख हा मकर असाच पत्नीचा हट्ट आणि मित्राचे प्राण यांच्या कात्रीत सापडलेला आहे. हिंस्र जलचराला गृहस्थाश्रमात बसविले की त्याचे हिंस्रत्व हास्यास्पद होते, ही जाण फार जुनी आहे. फरक इतकाच, की पंचतंत्रातील मकर नीतीचा धडा देऊन निघून जातो. शर्मन मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो आणि कालच्या प्रसंगातून काहीही शिकलेला नसतो.

४. रेषेचा विचार

खऱ्या ग्रेट व्हाइट शार्कचा डोळा पाहणाऱ्यास जवळजवळ संपूर्ण काळा भासतो. त्यात पांढरा भाग दिसत नसल्याने तो कोठे पाहत आहे हे कळत नाही, आणि जेथे नजर कळत नाही तेथे मन असल्याचे आपणांस जाणवत नाही. टूमी शर्मनला मोठे पांढरे डोळे देतात व त्यांत बाहुली ठेवतात. एवढ्या एका बदलाने शार्क बघू लागतो, बावरतो, चोरटेपणाने बायकोकडे कटाक्ष टाकतो. देहाचा आकार गोलसर होतो, परंतु पृष्ठपर आणि दात राहतात. दात काढून टाकले असते तर शर्मन कोणताही मासा झाला असता.

माणसे या मालिकेत दुय्यम आहेत. शर्मनच्या भाषेत ती किनाऱ्यावरची बिनकेसांची माकडे आहेत. रशियन रूपवाद्यांनी ज्यास अपरिचितीकरण म्हटले, त्याचा हा साधा पण परिणामकारक नमुना होय. सुटी घालविण्यासाठी अंगाला तेल चोपडून वाळूवर पडणारा माणूस पाण्याच्या बाजूने पाहिल्यावर विचित्र दिसू लागतो. शर्मन अशा माणसांना अधूनमधून गिळतो. तथापि रक्त दिसत नाही, वेदना दिसत नाही.

५. हास्याची मीमांसा

येथे एक सैद्धांतिक अडचण उपस्थित होते. हेन्री बर्गसाँ यांनी 1900 साली प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते आणि सहानुभूती जागी झाली की हास्य मावळते. हे मान्य केल्यास विनोदातून प्रेम निर्माण होणे अशक्य ठरेल.

भारतीय साहित्यशास्त्रात या अडचणीतून वाट काढण्याची सोय आहे. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली. अभिनवगुप्ताने त्याचा विस्तार करून कोणत्याही रसाचा आभास हास्यास कारण होऊ शकतो, असे दाखविले. अनौचित्य हे त्याचे मूळ होय. या न्यायाने शर्मन हा भयानकाभास आहे. भयाचा आलंबनविभाव (शार्क) कायम आहे, परंतु त्यास अनुचित असे व्यभिचारी भाव (आळस, बायकोचा धाक, न्यूनगंड) त्याला चिकटविले आहेत. त्यामुळे भय पूर्ण होत नाही व हास्य उत्पन्न होते. महत्त्वाचे असे की, येथे हास्याचा विषय शार्क नसून आपलेच भय आहे. बर्गसाँची बधिरता शार्कच्या बाबतीत लागू पडत नाही, ती आपल्या भीतीच्या बाबतीत लागू पडते. भीती क्षणभर बधिर झाली की त्या मोकळ्या जागेत स्नेहाला शिरकाव मिळतो.

६. शाकाहारी शार्क आणि शर्मन

टूमी यांचे वेगळेपण समकालीन चित्रपटांशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. 'फाइंडिंग नीमो' (2003) या चित्रपटातील ब्रूस हा शार्क मासे न खाण्याचे व्रत घेतो. 'जॉज'च्या चित्रीकरणात वापरलेल्या यांत्रिक शार्कलाही याच नावाने ओळखले जात असे. 'शार्क टेल' (2004) मधील लेनी तर शाकाहारीच आहे. दोन्ही चित्रपट शार्कवर प्रेम करतात, पण एका अटीवर : त्याने शार्क असणे सोडले पाहिजे. ब्रूसला रक्ताचा वास येताच त्याचे व्रत मोडते, म्हणजे त्याचा स्वभाव हा अखेर एक दुर्गुणच ठरतो.

टूमी ही अट घालीत नाहीत. शर्मन खातो आणि त्याचा त्याला पश्चात्ताप नाही. वाचकाने त्याला तो जसा आहे तसा, दातांसकट, स्वीकारावयाचे आहे. भक्षकास क्षमा करण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही, कारण भक्षण हा गुन्हा नाही. मालिकेचे नैतिक सामर्थ्य माझ्या मते येथे आहे. पर्यावरणविषयक पुष्कळ लेखन निरुपद्रवी, देखण्या प्राण्यांवर प्रेम करावयास शिकविते. उपद्रवी प्राण्याविषयी ममत्व निर्माण करणे हे अधिक अवघड काम टूमी यांनी अंगीकारले.

७. मर्यादा

या मालिकेच्या मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा मानवीकरणाची. वाचक शर्मनवर प्रेम करतो, शार्कवर नव्हे, असा आक्षेप घेता येईल. खरा ग्रेट व्हाइट लगूनमध्ये संसार थाटून बसत नाही. तो हजारो किलोमीटर भटकतो आणि प्रौढ प्राणी बहुतांशी एकटा असतो. त्याची मादी प्रजननक्षम होण्यास सुमारे तीन दशके लागू शकतात. शार्कची संख्या एकदा घटली की लवकर भरून येत नाही, ती याच मंद जीवनक्रमामुळे. चित्रमालिकेत मात्र पात्रांचे वय जवळपास थांबलेले असते आणि शर्मन अमर असतो. ज्या प्राण्याच्या बाबतीत काळच संपत आला आहे, त्याला कालातीत करून दाखविणे हा या प्रकाराचा अंगभूत विरोधाभास आहे. खुल्या महासागरातील शार्क व पाकट यांची संख्या 1970 पासूनच्या अर्धशतकात 71 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे मालिकेच्या लोकप्रियतेचा काळ आणि शार्कच्या ऱ्हासाचा काळ मोठ्या प्रमाणात एकच आहे.

दुसरी मर्यादा उपदेशाची. टूमी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी सागरी कचऱ्यासारख्या विषयांवर दोन-दोन मिनिटांच्या चलच्चित्रफिती केल्या. तेथे उपदेश उचितच आहे. परंतु मालिकेत जेव्हा फिलमोर प्रबोधनकाराची भूमिका घेतो, तेव्हा चौथ्या चौकटीतील विनोद हा औषधावरील साखरेसारखा वाटू लागतो. हॉथॉर्नच्या पाठीवरचा बिअरचा डबा सागरी प्रदूषणाविषयी काहीही न बोलता जे सांगतो, ते फिलमोरच्या संवादांना साधत नाही.

८. आपल्या किनाऱ्यावरून पाहता

मराठी वाचकाच्या संदर्भात आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. अमेरिकन वाचकाला शार्क प्रथम राक्षस म्हणून भेटतो. कोकण किनाऱ्यावर तो राक्षस म्हणून कधीच ओळखला गेला नाही. तेथे तो मोरी आहे, मुशी आहे, कोळणीच्या पाटीतला मासा आहे. वर्तमानपत्रात 'शार्क' वाचणारा आणि ताटात मोरी वाढून घेणारा वाचक एकच असतो, परंतु हे दोन शब्द एकाच कुळाचे आहेत हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. भारत हा जगातील प्रमुख शार्क पकडणाऱ्या देशांपैकी एक आहे, ही वस्तुस्थिती या दोन शब्दांमधल्या फटीत दडून राहते. तेव्हा शर्मनचे पहिले कार्य, म्हणजे भय घालविणे, आपल्याकडे अनावश्यक आहे. खाद्यवस्तूकडे शेजारी म्हणून पाहावयास लावणे हे दुसरे कार्य मात्र आपल्याकडेही शिल्लक आहे.

याच संदर्भात गुजरातचे उदाहरण उद्बोधक ठरावे. तेथे यकृतातील तेलासाठी व्हेल शार्कची शिकार होत असे. 2001 मध्ये या प्राण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण मिळाले. 2004 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत कथाकार मोरारी बापू यांनी त्यास 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हटले व माहेरी बाळंतपणास आलेल्या लेकीची उपमा दिली. पुढे मच्छीमारांनी जाळ्यात अडकलेले शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडून दिले. येथेही मानवीकरणच आहे. टूमी यांनी शार्कला जावईबुवांप्रमाणे थट्टेचा विषय केले, तर गुजरातेत ती लेक झाली. दोन्ही ठिकाणी नाते जोडल्यावाचून ममत्व आले नाही. मात्र हेही विसरता कामा नये की, कापलेल्या जाळ्यांची भरपाई देण्याची व्यवस्था तेथे करण्यात आली होती. शिवाय व्हेल शार्क प्लवक व बारीक जीव गाळून खाणारा निरुपद्रवी प्राणी आहे. लेक म्हणणे तेथे तुलनेने सोपे होते. दात असलेल्या मुशीला आपल्याकडे कोणते नाते द्यावे, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

९. निष्कर्ष

१) 'शर्मन्स लगून'मधील हास्य हे शार्कवरील नसून शार्कविषयीच्या मानवी भयावरील आहे. भयानकाभास या संकल्पनेने त्याची उपपत्ती बर्गसाँच्या सिद्धांतापेक्षा अधिक समाधानकारकपणे लावता येते.

२) समकालीन चित्रपटांनी शार्कला शाकाहारी करून प्रेमपात्र ठरविले. टूमी यांनी त्याचे भक्षकत्व कायम ठेवून ते साधले. हे त्यांचे कलात्मक व नैतिक यश होय.

३) चित्रमालिकेचा कालातीत स्वभाव आणि शार्कचा प्रत्यक्ष ऱ्हास यांतील विसंगती ही मालिका सोडवू शकलेली नाही. कदाचित तिच्या प्रकृतीतच ते नाही.

४) विनोद द्वेष दूर करू शकतो. जाळे कापण्याची किंमत तो देऊ शकत नाही. ती व्यवस्था समाजाने व शासनाने करावयाची असते. परंतु ज्याच्याविषयी मनात काहीच नाही, त्याच्यासाठी अशी व्यवस्था करण्याची निकड कोणासही वाटत नाही. ती निकड निर्माण करणे एवढे काम एका आळशी, बायकोला भिणाऱ्या, माणसे गिळणाऱ्या शार्कने केले असेल, तर चार चौकटींची ही कला रद्दीपेक्षा अधिक काही आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.