तानाजी मालुसरे : गडावरचा आणि उमरठचा

महाडहून पोलादपूर आणि तिथून आत गेलं की उमरठ. गावात तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पुतळा आहे. त्यांचा पराक्रम सगळ्यांना पाठ आहे. आज आम्ही बोलणार आहोत तो सांगितला कसा जातो, यावर.

सभासदाची बखर घ्या. राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिलेली. म्हणजे घटनेला तीस वर्षंही झाली नव्हती. तीत कडा चढणारे मावळे आहेत, उदेभान आहे. घोरपड नाही, रायबाचं लग्नही नाही. ही दोन्ही येतात तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. अभ्यासक म्हणतात, ही दंतकथा. पुरावा म्हणून पाहिलं तर त्यांचं खरंच आहे. 'सिंहगड' हे नावसुद्धा १६७० च्या आधीच्या पत्रात सापडतं. म्हणजे सिंह गेला म्हणून सिंहगड, हेही टिकत नाही.

पण बखरीनं सोडलेली एक गोष्ट शाहिरानं पकडली. माणूस कुठून निघाला? उमरठ हा जावळीच्या शेजारचा मुलूख. १६५६ ला जावळी घेतली, १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान पडला. अशा सरहद्दीवर घर करायचं म्हणजे शेत आणि तलवार दोन्ही सांभाळायचं. पोवाड्यात माणूस लग्नघरातून उठून जातो. काय पणाला लागलं, ते तिथं कळतं.

आता २०२० चा चित्रपट. नावातच 'अनसंग', म्हणजे न गायिलेला! अहो, ज्याचा पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला, त्याला? चित्रपटातही लग्न आहे, पण ते लढाईकडे जायची नुसती पायरी. कडा, दोर, तलवारी यांचा थाट इतका की घर मागे पडतं. आमची तक्रार इतिहास बदलल्याची नाही, तो शाहिरानंही बदलला. तक्रार अशी की शाहिराच्या बदलानं माणूस जवळ आला, इथं तो लांब गेला.

आणि आपणही तेच करतो. ४ फेब्रुवारीची रात्र आपल्याला तोंडपाठ. त्याआधीची वर्षं? ती जगली म्हणूनच त्या रात्रीला मोल आहे. उमरठला गेलात तर समाधीला हात जोडा, आणि मग जरा गावात फिरा. तानाजी तिथंही आहेत.