भावचिन्हे आणि स्वशब्दवाच्यता

१९ सप्टेंबर १९८२ रोजी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ स्कॉट फालमन यांनी विनोद हा विनोद म्हणूनच वाचला जावा, यासाठी अपूर्णविराम, संयोगचिन्ह व कंस यांचा हसरा चेहरा सुचविला. संगणकावरील लिखित संभाषणाला स्वर नसतो. ती उणीव भरून काढण्याचे हे प्रयोजन रास्तच होते. पुढे मात्र वाक्यागणिक भावचिन्ह योजण्याचा प्रघात पडला. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त स्वशब्दवाच्यतेची गणना रसदोषांत केली आहे. भाव हा विभावानुभावांतून प्रतीत व्हावा लागतो. त्याचे नाव उच्चारल्याने तो उत्पन्न होत नाही. गप्पा म्हणजे काव्य नव्हे, हे मान्य करूनही हा दोष येथे जाणवतो. 'ये', 'ये हं', 'ये ना' यांत आज्ञा, आपुलकी आणि आर्जव हे भेद मराठीने एकेका अव्ययाने साधले आहेत. तिन्हींपुढे एकच हसरा चेहरा ठेवला, की ते पुसट होतात. आणि ज्या वाक्यापुढे तो नसेल, ते अकारण रुक्ष, क्वचित रागाचेही भासू लागते. अतिवापराची खरी हानी ही आहे. जेथे अव्यय समर्थ आहे, तेथे चिन्ह आवरावे, एवढा विवेक लिहिणाऱ्याने बाळगावयास हवा.