‘शैथिल्य’ आणि हृदय : एका संज्ञेचा विचार

हृदयाच्या प्रतिध्वनी-तपासणीत ‘पहिल्या श्रेणीचा डायस्टॉलिक दोष’ असा शेरा पुष्कळदा आढळतो. ‘शिथिलीकरणातील बिघाड’ हे त्याचे मराठी रूप शब्दशः बरोबर, पण अर्थदृष्ट्या घातक होय. मराठीत ‘शैथिल्य’ हा दोषवाचक शब्द. त्यामुळे हृदय ढिले पडले, असाच समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. आकुंचनानंतर स्नायूने सैलावणे ही ऊर्जा खर्चून, कॅल्शियम माघारी खेचून घडणारी क्रिया आहे. येथे ती मंदावते. निलयात आरंभी रक्त कमी शिरते, उरलेला भार अलिंदाच्या आकुंचनावर पडतो. या दोन प्रवाहवेगांचे गुणोत्तर 0.8 वा त्याहून कमी येणे, हे 2016 च्या अमेरिकी-युरोपीय मार्गदर्शिकेतील एक लक्षण. रक्त बाहेर ढकलण्याची शक्ती बहुधा शाबूत असते.

‘ताठर हृदय’ हा पर्यायही अतिव्याप्तच. तंतुमयतेने येणारी कायमची ताठरता बहुधा पुढची. मंद सैलावणे तर उतारवयात अनेकांत दिसते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. हृदय दुबळे झाले असे मानून मनुष्य चालणे सोडतो, आणि रक्तदाब, मधुमेह, वजन यांकडे पाहावयाचे तेच राहून जाते. वास्तविक नियमित चालणे हा उपायांचाच भाग होय. ‘मंद सैलावणे’ ही साधी संज्ञा आम्हांस अधिक ग्राह्य वाटते; ती तत्सम नाही, एवढ्यावरून ती नाकारणे योग्य नव्हे.