पिसाची माशी, डोंगराचं पाणी

कोबेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हंटर झाका चढलेला असतो. सान्नोमियाहून कितानोच्या जुन्या परदेशी बंगल्यांकडे जाणारा तो चढाचा रस्ता. घरी पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचं ठरलेलंच असतं. ज्या हंटरच्या नावाने हा चढ ओळखला जातो तो एडवर्ड हॅझलिट हंटर. 1843 मध्ये आयर्लंडमधल्या लंडनडेरीला जन्मला, तरुणपणी जपानला आला आणि 1881 मध्ये ओसाकात त्याने जहाजबांधणीचा कारखाना काढला. पुढे तोच हिताची झोसेन या नावाने मोठा झाला. त्याचं कितानोतलं घर 1963 मध्ये ओजी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात हलवलं गेलं. तिथे पांडा होता तेव्हा मुलांना तो दाखवायला नेताना हिरवट खिडक्यांचं ते घर आपण कितीदा ओलांडलं असेल.

मला लिहायचं आहे ते त्याच्या मुलाबद्दल. हान्स हंटर 1884 मध्ये कोबेतच जन्मला. आई जपानी, वडील आयरिश. इंग्लंडमध्ये शिकून तो परत आला. क्युशूतली ताइओची सोन्याची खाण त्याने चालवली आणि बराच पैसा मिळवला. पण जपानी मासेमारीच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं ते काठी, दोर आणि पिसाची नकली माशी यांमुळे. निक्कोच्या वर, 1,269 मीटर उंचीवर चुझेन्जी तलाव आहे. तिथे हान्सने 1920च्या दशकात एक अँगलिंग क्लब उभा केला. वकिलातींतले अधिकारी, राजघराण्यातली मंडळी, उद्योगपती उन्हाळ्यात तिथे जमत आणि इंग्लिश पद्धतीने ट्राऊट धरत. तलावाला मिळणाऱ्या युकावा नदीत ब्रुक ट्राऊट होते. 1902 मध्ये नागासाकीचा स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हर याने ते अमेरिकेहून आणून सोडले होते. त्या माशांचे वंशज आजही युकावात पोहतात आणि तिथे धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावा लागतो.

वडिलांच्या मुलखातली कला मुलाने या मातीत लावली, म्हणून मला हान्स हंटर जवळचा वाटतो. लंडनडेरीची नदी त्याने रोज पाहिलेली नव्हती. त्याच्यासाठी ती आठवण नव्हतीच, शिकून घेतलेली गोष्ट होती. आपल्या इथल्या मुलांचंही तसंच आहे. पखवाज, ओव्या, रांगोळी यांतलं काहीही त्यांच्या अंगणात आपोआप येत नाही. कुणीतरी मुद्दाम शिकवावं लागतं आणि शिकणाऱ्याला त्यात आपलं काही सापडावं लागतं.

आता माशीकडे वळतो. ट्राऊट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्या त्याच्यासाठी फार कोमट. भारतात तो काश्मीरला आणि निलगिरीला ब्रिटिशांनी आणून सोडला. काश्मीरसाठी 1899 मध्ये पाठवलेली अंडी वाटेतच नासली आणि पुढच्या वर्षी आलेली जगली. जपानच्या डोंगरांत मात्र याच कुळातले मासे मूळचेच आहेत. इवाना, यामामे आणि आपल्या बाजूच्या नद्यांत अमागो, म्हणजे ज्याच्या अंगावर शेंदरी ठिपके असतात तो. तो पाण्यातल्या किड्यांवर जगतो. खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वरून वाहत येणारं जे खाण्याजोगं दिसेल ते क्षणात टिपतो. नकली माशीने त्याला फसवायचं ते याच क्षणी.

कोकणात गरी टाकणाऱ्यांना आमिषाची सवय असते. कोळंबी लावली, गांडूळ लावलं की वासावर मासा येतो. इथे वास नाही, चवही नाही. गळाभोवती गुंडाळलेला दोरा आणि एक पीस, एवढ्यावर माशाला पटवायचं. मासा माशी तोंडात घेतो आणि लगेच फसवणूक ओळखून थुंकतो. त्या मधल्या अर्ध्याएक सेकंदात मनगट वर जायला हवं.

जपानी डोंगरी पद्धतीची माशी, केबारी, बांधायला फार सोपी आहे. मी शिकलो ती 'साकासा' जातीची, म्हणजे उलट्या पिसाची. मला शिकवणारे आजोबा रोक्को डोंगराच्या पायथ्याशी राहतात. त्यांच्याकडे गळ धरायचा शिकंजा आहे, पण ते तो क्वचितच वापरतात. गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा. नेढ्याच्या मागे दोऱ्याचे काही घट्ट वेढे घालायचे. कोंबडीचं किंवा जपानी फेजंटच्या मादीचं एक मऊ पीस घ्यायचं, तळाकडचे लवदार तंतू खुडून टाकायचे आणि ते पीस देठाजवळ बांधायचं. मग गळाभोवती दोन-तीन वेढे, जास्त नाहीत. दोऱ्याने देठ पक्का केला की बोटाच्या टोकाने सगळे तंतू पुढे, नेढ्याच्या बाजूला झुकवायचे. आता दोरा वाकापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, तीच माशीची कंबर. पिसाच्या मागे गाठ मारायची, उरलेला दोरा कापायचा. पाच मिनिटांचं काम.

तंतू पुढे झुकवण्यामागे कारण आहे. पाण्यात दोर किंचित ओढला की ते दबतात, सैल सोडला की पुन्हा उघडतात. ती हालचाल छत्री उघडमिट व्हावी तशी दिसते आणि माशाला त्यात जीव दिसतो. एक पीस आणि एक दोरा यांतून इतकं मिळतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

ब्रिटिश परंपरा वेगळ्या वाटेने गेली. तिथे पाण्यावर आज कोणता किडा उडतोय ते पाहून त्याच्यासारखी माशी निवडतात, आणि सॅमनसाठी तर व्हिक्टोरियन काळात दागिन्यांसारख्या माशा बनल्या. त्यांतलं एक फार मोलाचं पीस आपल्याकडचं. सह्याद्रीत पहाटे आरवणारा करडा रानकोंबडा आहे ना, त्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब पडल्यासारखे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके असतात. शंभराहून अधिक वर्षं ती पिसं बोटींतून इंग्लंडला जात होती. जॉक स्कॉट या प्रसिद्ध सॅमन माशीच्या गालावर तेच पीस असतं. 1960च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि ते फार बरं झालं. आता बांधणारे इंग्लंडमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. आंबोलीच्या जंगलातला एक पक्षी स्कॉटलंडच्या नद्यांवरच्या माशीत बसला होता, हे मी इथल्या मुलांना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात.

जपानचे व्यावसायिक डोंगरी मासेमार मात्र इतक्या सजावटीच्या वाटेला गेले नाहीत. गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या धर्मशाळांना इवाना विकून त्यांचा चरितार्थ चाले. त्यांना माशी सुंदर नको, टिकाऊ हवी. हाताशी जे पीस असेल ते, आणि बहुतेकदा एकच प्रकार आयुष्यभर. चरखी नाही, काठीच्या टोकाला दोर बांधलेला, काठी साधारण साडेतीन ते चार मीटर आणि दोरही जवळपास तेवढाच. या पद्धतीला तेनकारा म्हणतात. 2009 मध्ये जपानी तज्ज्ञ हिसाओ इशिगाकी यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात तिचं प्रात्यक्षिक दिलं. त्याच वर्षी अमेरिकेत तेनकाराचं साहित्य विकणारी पहिली कंपनी निघाली. आज कोलोरॅडोच्या ओढ्यांवर ती शिकणारे तरुण आहेत. जिथली विद्या तिथेच राहिली असती, तर तिच्याकडे इतक्या नव्या डोळ्यांनी कुणी पाहिलं नसतं, असं माझं मत आहे.

आणि आता आपल्याच प्रांतातली गोष्ट. कोबेहून उत्तरेला, काको नदीकाठी निशिवाकी नावाचं गाव आहे. 135 अंश पूर्व रेखांश आणि 35 अंश उत्तर अक्षांश तिथे भेटतात, म्हणून ते स्वतःला जपानची बेंबी म्हणवतं. विणकामाचं गाव, रंगीत सुताच्या बान्शू कापडाचं. याच गावात अय्यू माशासाठी बान्शू केबारी बनते. एदो काळाच्या उत्तरार्धात ही विद्या क्योतोहून इथे आली असं मानलं जातं. 1987 मध्ये तिला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. आकार एका सेंटीमीटरच्या आसपास. त्यात रेशमी दोरा, निरनिराळ्या पक्ष्यांची पिसं, उरुशी लाख आणि डोक्याशी सोन्याच्या वर्खाचा एक मणी. शेकडो प्रकार, आणि नावं तरी किती सुरेख: आओलायन, चागुमा, यात्सुहाशी. पाण्याचा रंग, ऋतू, दिवसाची वेळ पाहून त्यांतली निवड होते. हे काम करणारे कसबी आता फार थोडे उरलेत, आणि ही खंत मला मनापासून वाटते. फिशिंगच्या दुकानातल्या भिंतीवर टांगलेली पाकिटं पाहून त्यामागचे हात कळत नाहीत. निशिवाकीत जाऊन एकदा तरी पाहायला हवं.

आपल्यातली काही मुलं गेल्या वर्षापासून केबारी बांधतात. त्यांच्या हातून पहिल्या माशा जाड झाल्या, पीस फार जास्त गुंडाळलं गेलं. आजोबांनी त्या फेकू दिल्या नाहीत. त्या जाड माशाही पाण्यात सोडून बघितल्या आणि एकीवर अमागो लागला. तेव्हापासून मुलांनी त्यांना विचारण्याऐवजी आजोबांनीच मुलांना विचारायला सुरुवात केली आहे, ही कशी बांधलीस म्हणून.

वसंतात आमच्याबरोबर नदीवर यायचं असेल त्यांनी लक्षात ठेवावं: इथल्या नद्यांवर अमागोचा हंगाम साधारणतः मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि नदीच्या मच्छीमार संस्थेचा परवाना त्या-त्या दिवसासाठी आधी घ्यावा लागतो. गळ काट्याशिवायचा घ्यावा, म्हणजे सोडलेल्या माशाला इजा कमी होते. खडक निसरडे असतात, तळाला फेल्ट असलेले बूट लागतील. गावाहून येताना हौसेने पिसं आणू नका. रानकोंबड्याचं आणि मोराचं पीस बाहेर न्यायला भारतात कायद्याने मनाई आहे आणि कोंबडीचं पीसही इथल्या विमानतळावर क्वारंटाइनच्या तपासणीला द्यावं लागतं. पीस आपल्याला इथेच मिळतं. दोरा आणि गळ मात्र प्रत्येकाने स्वतःचे आणावेत.