कुरकुरीत होईपर्यंत

साहित्याची समीक्षा करण्याचा मला अधिकार नाही, असं आमच्या शेजारच्या मराठीच्या प्राध्यापकांचं मत आहे. मी पडलो बी.कॉम.! पण ज्या पुस्तकावर भरवसा ठेवून माझे आठ ताजे बोंबील वाया गेले, त्या पुस्तकावर चार शब्द लिहायला पदवी कशाला हवी? नुकसान झालं की ऑडिट आलंच.

पुस्तक पाककृतींचं आहे. पुठ्ठा मजबूत, छपाई स्वच्छ. लेखिकेचा जिव्हाळा पानापानांतून जाणवतो. ‘बोंबील फ्राय’ या प्रकरणात तर पात्रपरिचय नेमका आहे : आठ बोंबील, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी रवा, हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ. कथानकही वेगवान. मासे धुवा, मसाला लावा, पिठात घोळवा आणि मग ते अजरामर वाक्य : ‘कुरकुरीत होईपर्यंत तळा.’

वाचकहो, हे वाक्य म्हणजे ‘श्रीमंत होईपर्यंत बचत करा’ असं खातेदाराला सांगण्यासारखं आहे. चूक काहीच नाही आणि उपयोगही काही नाही. मी तळत राहिलो. दोन मिनिटांत रव्याने बोंबलाशी काडीमोड घेतला आणि तो तव्याला चिकटून बसला. बोंबील उलटायला गेलो तर त्याचे तीन वारस निघाले. बायको शांतपणे म्हणाली, “चमचा देऊ का? पिठलं म्हणून खाऊ.”

हे सगळं मला करावं लागलं, कारण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी विस्तवाजवळ जायला बंदी केली होती. आई मूळची मालवणकडची, पण बोंबील शिकली ती लालबागच्या चाळीत. गेली कित्येक वर्षं मी तिला म्हणतोय, “आई, एकदा प्रमाण सांग, लिहून ठेवतो.” तिचं उत्तर ठरलेलं : “लिवचा काय तेच्यात?” पूर्वी मी हसायचो. या खेपेला काळा चष्मा लावून, भिंत चाचपत ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली, तेव्हा हसू आलं नाही. हे खातं कधीतरी बंद होणार आणि पासबुक कुणाकडेच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ बोंबील आणले. पुस्तक मिटून ठेवलं. आई बाहेरून बोलत होती आणि मी आत राबत होतो. पुस्तकातली पहिली त्रुटी तिथेच सापडली. पुस्तक मासे ‘धुवा’ म्हणतं आणि पुढे जातं. बोंबलात शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणीच. इतकी देणी डोक्यावर असलेल्याला कोणती बँक उभी करील? आईने बोंबील पोटातून चिरून उघडे करायला लावले, मीठ चोळायला लावलं आणि फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायला सांगितला. तासाभराने फडकं पिळलं तर मोरीत धार लागली. मीठ पाणी ओढून घेतं आणि पाटा ते बाहेर काढतो. मसालाही तिने घट्टच लावायला लावला. आगळ ओतायचं नाही, नुसतं चोळायचं.

दुसरी त्रुटी त्या अजरामर वाक्यातच आहे. तव्यावर चारच बोंबील सोडले, कारण गर्दी झाली की तेल थंड पडतं. मी उलथनं उचललं. एवढ्यात बाहेरून आवाज आला, “पाणी बोलता हा अजून. तेका हात लावू नको!”

तिला तवा दिसत नव्हता. ती नुसती ऐकत होती. मीही ऐकू लागलो. आधी मोठा चरचराट, मग हळूहळू त्याचा जोर ओसरत गेला आणि शेवटी बारीक, कोरडी कुजबुज उरली. “आता तेल बोलता. आता परत तेका.” परतला. अखंड! शाळेतलं विज्ञान मला तेव्हा कळलं. पाणी शंभर अंशांवर उकळतं. ते निघून जाईपर्यंत वरचं पीठ त्यापुढे तापतच नाही. मग ते तांबूस कसं होणार आणि कुरकुरीत तरी कसं होणार?

तिसरी त्रुटी म्हणजे शेवट. ‘गरम राहण्यासाठी झाकून ठेवा,’ असं लेखिका म्हणते. झाकलं की वाफ कोंडते आणि मघाशी घालवलेलं पाणी मागच्या दाराने परत येतं. आईने बोंबील जाळीवर सुटे ठेवायला लावले.

पहिला तुकडा तिला दिला. कुर्रर्र आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. थोडा वेळ चावून तिने अभिप्राय दिला, “मीठ कमी हा.” आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. समीक्षा असावी तर अशी!

रात्री मी पुस्तकातलं ते वाक्य शाईने खोडलं आणि वर लिहिलं, ‘पाणी बोलायचं थांबेपर्यंत तळा.’ आमच्याकडे खाडाखोडीवर सही लागते. म्हणून आईचा हात धरून, काळ्या चष्म्यासकट तिची सही घेतली. ती ओळ सोडून तिरकी गेली आहे आणि नमुन्याशी मुळीच जुळत नाही.

मी पास केली.